पाचचा फळा

जळगावच्या दवाखान्यात माझा हात
नेहमी शहाण्यासारखा वागायचा.
बसस्टँडवर उतरून दहाची गोळी घेतलेली,
नंबर लागेपर्यंत अकरा.
बोटं टिचकी वाजवायची, टाच आपटायची.
"छान," भंगाळे मॅडम म्हणायच्या. "कसं वाटतं?"
"बरं वाटतं."
दोन वर्षं माझा आजार
पारोळ्याला घरीच राहिला,
मी एकटाच जळगावला जाऊन आलो.

मग एकदा त्यांनी शंभर पानी वही दिली.
"लोटनभाऊ, इथलं मला दिसतं.
तिथलं तुम्ही लिहा. तुमच्या शब्दांत."

माझे शब्द म्हणजे पेंटरचे:
सकाळी सहा – चुना वाळल्यासारखा. सात बटणं, अकरा मिनिटं.
नऊ – हात मोकळा. रेघ सरळ.
साडेचार – पाय उंबऱ्याला चिकटला. गोंद. गोळी घेतली.
साडेपाच – मान डोलते, खांदा नाचतो,
वरात कुणाची, माहीत नाही.

दुकान केव्हाच पोराचं झालंय, तो फ्लेक्स छापतो.
माझ्याकडे उरलाय चौकातला फळा:
उद्या नळ कोणत्या गल्लीला.
पाचला तिथं माणसं थांबलेली असतात,
आठ दिवसांचे हंडे मनात मोजत.
अक्षर बारीक झालं की एखादी ओरडते,
"भाऊ, मुंग्या काय लिखी राहिना?"

मॅडमनी वही आधी वाचली नाही, नुसती पाहिली.
नऊचं अक्षर बोटभर,
साडेचारचं तिळाएवढं.
"हे तुम्ही सांगितलंच नाहीत," त्या म्हणाल्या,
"तरी लिहिलं गेलंय."
मग कागदावर दिवस आखला, आडवा, पट्टीसारखा.
"गोळी वाढवली तर अडकणं कमी, नाचणं जास्त.
कमी केली तर उलट.
चोवीस तास मला देता येणार नाहीत.
तुम्हाला कोणते हवेत?"

पासष्ट वर्षांत
कुणी विचारून तास दिले नव्हते.
"पाच ते सहा," मी म्हणालो. "बाकीचे तुम्ही ठेवा."

तेवढ्यात त्यांच्या हातून वही उलटली.
मागच्या पानांवर इंदूचं अक्षर,
चौथीतून उठवलेलं, तसंच राहिलेलं:
पावणेएक – कूस वळवून दिली.
सव्वादोन – परत.
साडेतीन – परत. पाय गार.
चार – हे झोपले.
एकवीस रात्री. खाडाखोड कुठेच नाही.

मी शेजारी बघितलं. ती पंख्याकडे बघत होती.
"कसाले नई सांगं?"
"तुम्हीन कव्हय इचारं?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.
माझा एक तास, तिच्या तीन जागा,
गोळ्या मोजूनच.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
बाहेर कंपाउंडर पुढचा नंबर पुकारत होता,
मॅडमनी हातानेच त्याला थांबवलं.

झोपताना एक, सावकाश विरघळणारी.
साडेचारची चारला, पण अर्धी.
सकाळ सोडून दिली.
सहाला मला जायचंय कुठे?
बटणांऐवजी बंडी घालीन.
"नाचणं पूर्ण जाणार नाही," मॅडम म्हणाल्या.
"नाचू द्या," इंदू म्हणाली,
"लगीनमा कुठे नाचनात."
"महिनाभर बघू. नाही जमलं तर पुन्हा बसू.
वही दोन्हीकडून लिहा."

परवा मागचं पान चोरून बघितलं:
दीड – एकदा.
खाली काहीच नाही. कोरं.
कोऱ्या पानाकडे मी आयुष्यात इतका वेळ बघितलं नव्हतं.

काल पाचला खडू धरला.
खांदा थोडा डोलत होता,
तरी 'पाणी'तला णी वेलांटीसकट बोटभर आला.
कासारगल्ली. उद्या सकाळी सहा.

पाणी आलं साडेनऊला.
ते माझ्या हातात नाही.